बर्फाखालचे ज्वालामुखी : ध्रुवांवर कोण कोणाला हलवतंय?

काळा_कातळ (अंधेरी)

समुद्रपातळीच्या धाग्यावर परवा एक प्रतिसाद आला होता : 'अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली शंभरावर ज्वालामुखी सापडलेत. बर्फ तेच वितळवतायत. गाड्या-कारखान्यांना उगाच दोष.' तिथेच उत्तर लिहीत बसलो असतो तर वरळी-माहीमच्या भरतीची चर्चा बाजूला पडली असती, म्हणून हा वेगळा धागा. जाणकारांनी भर घालावी, हरकती घ्याव्यात.

ज्वालामुखी आहेत हे अगदी खरं. एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फाखालच्या जमिनीचे नकाशे तपासून शंकूसारखे उंचवटे वेचून काढले. २०१७ साली ती यादी आली. १३८ भरले, त्यातले ९१ आधी कोणाला ठाऊकच नव्हते. काही जेमतेम शंभर मीटर उंच, काही साडेतीन हजारांच्याही वर. हे सगळे पश्चिम अंटार्क्टिकाच्या खचदरीतले आहेत. तिथे भूकवच ताणलं जाऊन पातळ झालंय, पूर्व आफ्रिकेत झालंय तसं, फक्त ही दरी बर्फाने भरलेली आहे. पण १३८ शंकू म्हणजे १३८ धगधगती तोंडं नव्हेत. शंकू दिसला म्हणजे तिथे कधीतरी उद्रेक झाला एवढंच. तो दहा हजार वर्षांपूर्वी झाला की दहा लाख, हे नुसत्या आकारावरून सांगता येत नाही.

जागे असल्याचा पुरावा देणारे मोजके आहेत. रॉस बेटावरचा माउंट एरेबस, उंची ३,७९४ मीटर. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉसची जहाजं १८४१ च्या जानेवारीत तिथे पोचली तेव्हा त्याचा उद्रेक चालू होता, आणि आजही त्याच्या विवरात लाव्हाचं तळं आहे. डिसेप्शन बेट म्हणजे तर समुद्रात खचलेलं ज्वालामुखीचं तोंडच. जहाजं त्याच्या आत जाऊन नांगर टाकतात. १९६७ ते १९७० या काळात तिथल्या उद्रेकांनी ब्रिटनचे आणि चिलीचे तळ उद्ध्वस्त केले. मेरी बर्ड लँडमधे २०१० आणि २०११ साली खूप खोलवरचे, संथ लहरींचे भूकंप झुंडीने नोंदले गेले. शिलारस सरकतो तेव्हा येतात तसे. पाइन आयलंड हिमनदीजवळच्या हडसन पर्वतांत सुमारे २,२०० वर्षांपूर्वी एक उद्रेक बर्फ फोडून वर आला होता, त्याची राख बर्फाच्या थरांत गाडलेली आहे आणि रडारला ती स्पष्ट दिसते.

आता हिशेब मांडू. खंडीय जमिनीतून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला साधारण ०.०६५ वॅट असते. वर्षभराची बेरीज सुमारे २० लाख ज्यूल. एक किलो बर्फ वितळायला ३ लाख ३४ हजार ज्यूल लागतात. म्हणजे वर्षाला सहा-सात मिलिमीटर बर्फ वितळला. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीखाली जमीन जास्त गरम आहे, काही ठिकाणी ०.२ वॅटच्याही वर. तिथे दोन सेंटीमीटर धरा. त्याच किनाऱ्यावर, आमुंडसन समुद्रात, खोलातून येणारं शून्याच्या किंचित वरच्या तापमानाचं खारं पाणी तरंगत्या बर्फाला खालून खातंय. पाइन आयलंडचा बर्फ जमीन सोडून तरंगू लागतो त्या पट्ट्यात हे पाणी वर्षाला ४० मीटरहून जास्त बर्फ वितळवतं. एकीकडे सेंटीमीटर, दुसरीकडे दहा-दहा मीटर.

याचा अर्थ तळाची उष्णता कामाची नाही असा नव्हे. ती बर्फाचा तळ ओला ठेवते आणि ओल्या तळावरून हिमनदी सहज घसरते. पण ही उष्णता हजारो वर्षं येतेच आहे. गेल्या काही दशकांत बर्फ समुद्राकडे सरकण्याचा वेग का वाढला, याचं उत्तर तिच्यात नाही.

मला खरं लिहायचंय ते उलट्या दिशेबद्दल. बर्फ ज्वालामुखीला काय करतो?

कुकरमधलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कारण दाब असतो. दाब सोडला की तेच पाणी त्याच तापमानाला खळखळून उकळतं. प्रावरणातल्या खडकाचंही असंच आहे. तो वितळण्याइतका गरम असतो पण वरच्या वजनामुळे घन राहतो. आइसलँडखाली तर तो वितळण्याच्या उंबरठ्यावरच आहे. तिथे उत्तर अमेरिकी आणि युरेशियाई भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटरनी दूर जातात आणि खालचा खडक तितक्याच धिम्या गतीने वर येतो. दोन सेंटीमीटर वर येणं म्हणजे वर्षाला साधारण ६०० पास्कल दाब कमी होणं. या कणभर सुटकेवर आइसलँडचे सगळे ज्वालामुखी चालतात.

आता त्याच्यावर दोन किलोमीटर जाडीचा बर्फ ठेवा आणि हिमयुग संपताना तो हजार वर्षांत काढून घ्या. एक किलोमीटर बर्फाचा दाब सुमारे ९० लाख पास्कल, दोन किलोमीटरचा १ कोटी ८० लाख. हजार वर्षांत वाटला तर वर्षाला १८,०००. नेहमीच्या ६०० च्या तीसपट! आणि आइसलँडच्या उत्तर भागातल्या लाव्हांची वयं काढून मापं घेतली तेव्हा हेच निघालं : बर्फ गेल्यानंतरच्या काळात उद्रेकांचं प्रमाण आजच्या मानाने ३० ते ५० पट होतं. कागदावरचं गणित आणि रानातला दगड इतके जवळ येतात असे प्रसंग भूगर्भशास्त्रात फार नाहीत.

आज आइसलँडमधली वात्नायोकुल ही हिमचादर पुन्हा पातळ होतेय. १८९० पासून साधारण शंभर वर्षांत तिचा दहावा हिस्सा गेला. वजन उतरल्यामुळे आजूबाजूची जमीन वर्षाला सुमारे तीन सेंटीमीटरपर्यंत वर येतेय, उपग्रहावरून ती मोजता येते. या हलकेपणामुळे खोलात दर वर्षी सुमारे ०.०१४ घन किलोमीटर जास्तीचा शिलारस तयार होत असावा असा अंदाज आहे. त्यातला किती आणि कधी वर येईल, ते कवचातला ताण ठरवतो. त्यावर चर्चेत लिहितो.

---

पार्लेकरीण

छान धागा. एक शंका. तळाची उष्णता वर्षाला दोन सेंटीमीटरच बर्फ वितळवत असेल, तर आइसलँडमधे हिमनदीखालून प्रचंड पूर येतात ते कसे? तिथे तर अख्खे पूल वाहून गेल्याचं वाचलंय.

---

दर्यावर्दी_५८

ताई, ते पूल कुठे होते ती जागा मी पाहिली आहे. जहाजावर मुख्य अभियंता होतो, निवृत्तीनंतर आम्ही दोघं आइसलँडला गेलो होतो. दक्षिण किनाऱ्यावर स्केइदारारसांदुर नावाचा वाळूचा पसारा आहे. काळी वाळू, नजर पोचेल तिथवर, झाड नाही. रस्त्याच्या कडेला पुलाच्या दोन लोखंडी तुळया ठेवल्या आहेत, स्मारक म्हणून. मी आयुष्य पोलादात घालवलं. तुळई कशी वाकते ते मला माहीत आहे. वजनाने वाकली तर मधोमध झोळ येतो. या तशा नव्हत्या, पिळून निघालेल्या होत्या, कडा दुमडलेल्या. पाण्याबरोबर बिल्डिंगएवढाले हिमखंड वाहत आले आणि त्यांनी पूल ठोकरला, असं तिथल्या फलकावर आहे. त्या पोलादावर हात ठेवला आणि पुढचा बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

---

काळा_कातळ (अंधेरी)

@दर्यावर्दी, फार मोलाचं लिहिलंत. हे १९९६ चं प्रकरण. @पार्लेकरीण, तुमच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे. मी वर दिलेले आकडे खडकातून झिरपणाऱ्या उष्णतेचे आहेत. उद्रेकात तर शिलारस स्वतःच बर्फात येऊन पडतो, हजार-अकराशे अंशांचा, आणि काचेसारखा चुरा होत सगळी उष्णता तिथल्या तिथे देऊन टाकतो.

३० सप्टेंबर १९९६ ला वात्नायोकुलच्या खाली, बारदारबुंगा आणि ग्रिम्सव्होत्न या दोन ज्वालामुखींच्या मधे, एक भेग उघडली. वर अर्धा ते पाऊण किलोमीटर बर्फ होता. दोन दिवसांत उद्रेक बर्फ फोडून बाहेर आला. वितळलेलं पाणी मात्र लगेच समुद्राकडे गेलं नाही. ते बर्फाखालूनच ग्रिम्सव्होत्नच्या विवरातल्या सरोवरात साठत राहिलं. सगळं आइसलँड महिनाभर वाट पाहत होतं. शेवटी ५ नोव्हेंबरला पाण्याने बर्फाचा बांधच उचलला आणि दोन दिवसांत तीन घन किलोमीटरहून जास्त पाणी त्या वाळूवरून गेलं.

तीन घन किलोमीटर म्हणजे किती? पूर्ण भरलेली कोयना १०५ टीएमसी, म्हणजे जवळजवळ तेवढीच. ती दोन दिवसांत रिकामी करायची. ऐन भरात पूर सेकंदाला सुमारे ४५,००० घनमीटर होता, आपल्या बातम्यांच्या भाषेत १६ लाख क्युसेक. मनुष्यहानी झाली नाही ती फक्त लोक आधीपासून डोळ्यांत तेल घालून बसले होते म्हणून.

तरीही हा पूर एका ठिकाणचा, एका वेळचा. अंटार्क्टिकात असं एखादं तोंड फुटलं तर त्या हिमनदीला मोठा धक्का बसेल, पण सबंध हिमचादर त्याने जात नाही. हडसन पर्वतातल्या त्या उद्रेकानंतरही पाइन आयलंडचा बर्फ टिकून होताच.

---

सह्यभटक्या

आइसलँडच्या फोटोंत ते सपाट माथ्याचे डोंगर दिसतात ते थेट आपल्या किल्ल्यांसारखे. खाली उभे कडे, वर पठार. दोन्हीकडे बेसाल्टच आहे, तर घडणही एकच म्हणायची का?

---

काळा_कातळ (अंधेरी)

दिसायला सारखे, घडण पूर्ण वेगळी. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, मैलोन्‌मैल. पुढे पाण्याने ते कापून काढले आणि जे उरलं ते गड. माथा सपाट कारण मूळ थरच सपाट.

आइसलँडचा हेरदुब्रेइद घ्या, १,६८२ मीटर. तो कापून उरलेला नाही, तो तेवढाच उगवला. वर जाड बर्फ असताना खालून लाव्हा येऊ लागला, भोवती वितळलेल्या पाण्याचं तळं तयार झालं, आणि पाण्यात पडून लाव्हाचा चुरा आणि उशांसारखे गोळे झाले. त्यांचा ढीग वाढत वाढत पाण्याच्या वर डोकावला तेव्हा कुठे लाव्हा नेहमीसारखा वाहू शकला आणि वर सपाट टोपी बसली. बाजू उभ्या, कारण चहूबाजूंनी बर्फाच्या भिंतीने त्याला धरून ठेवलं होतं. यातली मोठी गंमत अशी की चुरा संपून टोपी जिथे सुरू होते ती उंची मोजली की त्या वेळी तिथे बर्फ किती जाड होता ते कळतं. बर्फ जाऊन हजारो वर्षं झाली, पण त्याच्या जाडीची नोंद दगडाने ठेवली. अंटार्क्टिकातही जुन्या हिमचादरीची उंची अशीच वाचतात.

आमच्या अंधेरीतला गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्याचे खांब आठवा. सरळसोट, एकमेकांना चिकटून उभे, तळापासून वरपर्यंत. लाव्हा सावकाश आणि एकसारखा थंड होतो तेव्हा असे खांब पडतात. बर्फाला किंवा वितळपाण्याला टेकून थंड झालेल्या लाव्हात खांब बोटभर-हातभर जाडीचे, वाकडेतिकडे, कुठल्याही दिशेला फाकलेले असतात, कारण पाणी भेगांतून आत शिरत जातं आणि थंडी सगळीकडून येते. झोपडपट्टीच्या गल्लीतून वर जाऊन त्या कातळाला हात लावता येतो. मुंबईच्या मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगली जागा नाही आणि तिची जी आबाळ चालली आहे ती पाहवत नाही.

---

सह्यभटक्या

समजलं. मग डाइकचं, म्हणजे भेगेत गोठलेल्या शिलारसाच्या भिंतीचं काय? रतनगडाकडे, घाटात, उभ्या भिंतीसारखे डाइक सरळ रेषेत जाताना दिसतात. शिलारस कुठे फुटायचं ते कसं ठरवतो?

---

काळा_कातळ (अंधेरी)

हाच तो ताणाचा भाग. शिलारस स्वतः खडक फाडत जातो, आणि जिथे खडकाला सर्वांत कमी दाबून धरलंय त्या दिशेला उघडतो. भूपट्ट पूर्व-पश्चिम ओढले जात असतील तर भेग उत्तर-दक्षिण पडते. म्हणून डाइक सरळ रेषेत दिसतात.

बारदारबुंगामधे २०१४ साली हे डोळ्यांसमोर घडलं. ऑगस्टच्या मध्यावर बर्फाखाली शिलारस निघाला आणि आडवा सरकत गेला. भूकंपांच्या ठिपक्यांवरून त्याचं टोक रोज कुठे पोचलं ते नकाशावर दिसत होतं. मधे अडला, वळला, पुन्हा निघाला, आणि दोन आठवड्यांत ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून होलुह्राउन इथे, हिमनदीच्या कडेबाहेर, उघड्यावर फुटला. बर्फाखाली फुटला असता तर पुन्हा १९९६ चा पूर. सहा महिन्यांत त्याने सुमारे ८५ चौरस किलोमीटर लाव्हा पसरला आणि तिकडे बर्फाखाली बारदारबुंगाचा तळ सुमारे ६५ मीटर खचला.

बर्फाचं वजन या ताणात ढवळाढवळ करतं. जाड बर्फ खाली दाबतो आणि भूकवचाला खळगा पाडून वाकवतो. वाकलेल्या फळीत एका बाजूला ताण, दुसऱ्या बाजूला दाब, तसंच कवचात. बर्फाच्या कडेला ताणाची दिशा मध्यापेक्षा वेगळी असते. शिवाय ज्वालामुखीच्या पोटातली शिलारसाची कोठी कधी फुटणार तेही वरच्या वजनावर थोडं अवलंबून असतं. काटला या ज्वालामुखीवर हिमटोपी आहे. तारखा ठाऊक असलेले त्याचे मोठे ऐतिहासिक उद्रेक मे ते नोव्हेंबर यांच्या मधेच सुरू झाले आहेत, शेवटचा मोठा १२ ऑक्टोबर १९१८ चा. उन्हाळ्यात बर्फ थोडा हलका झाल्याने, आधीच फुटायच्या बेताला आलेली कोठी फुटते, असा तर्क आहे. बेताला आलेली नसेल तर काही होत नाही, हे महत्त्वाचं.

आणि सगळं आइसलँड बर्फाच्या खात्यावर टाकू नका. २०२१ पासून रेक्यानेस द्वीपकल्पावर, ग्रिन्दाविकच्या परिसरात जे उद्रेक होत आले आहेत तिथे हिमनदीच नाही. तो भूपट्टांच्या ओढाताणीचा, शतकानुशतकांच्या पाळीचा भाग आहे.

---

निवृत्त_मास्तर (गिरगाव)

मी मूळचा पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे घराची भिंत अंगणात पडलेली मी पाहिली आहे. ६.३ तीव्रतेचा तो भूकंप धरणाच्या पाण्यामुळे झाला असं आम्ही तेव्हापासून ऐकत आलो. आपला मजकूर वाचून प्रश्न पडला : शंभरेक मीटर पाण्याने जर भूकंप होत असेल, तर दोन-तीन किलोमीटर बर्फाखाली जमीन सतत हादरत राहायला हवी. मग अंटार्क्टिकातल्या भूकंपांच्या बातम्या का येत नाहीत?

---

काळा_कातळ (अंधेरी)

मास्तर, तुमचा प्रश्न या सबंध विषयाच्या गाभ्यातला आहे.

कोयनेत दोन गोष्टी आहेत, पाण्याचं वजन आणि पाण्याचं झिरपणं. पाणी भेगांतून खोल जातं, खडकांच्या मधल्या फटीत दाब वाढवतं, आणि एकमेकांवर घट्ट बसलेले खडक सुटे होतात. जाणकार यातल्या झिरपण्याला जास्त महत्त्व देतात. भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो ती भेग, आधीच ताणलेला होता, पाण्याने तो सोडवला.

हिमचादरीचं वजन उलट काम करतं. एवढा जाड बर्फ भ्रंशाला वरून आवळून धरतो. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात भूकंप जगाच्या मानाने फारच कमी होतात, त्याचं एक कारण हेच मानतात. पण भूपट्टांचा ताण काही थांबत नाही. तो हजारो वर्षं साठत जातो. बर्फ गेला की आवळलेली पकड सुटते आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं.

याचा पुरावा उत्तर स्वीडनमधे जमिनीवर उभा आहे. पार्वी नावाचा भ्रंश, दीडशे किलोमीटरहून लांब, जमिनीला पडलेली पायरी काही ठिकाणी दहा मीटर उंच. हिमचादर गेल्यावर लगेच, साधारण साडेनऊ-दहा हजार वर्षांपूर्वी, तिथे ८ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. आज स्वीडनमधे असला भूकंप कोणाच्या कल्पनेतही येत नाही. बोथनियाच्या आखाताजवळची जमीन अजूनही वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वर येतेय, बर्फ जाऊन दहा हजार वर्षं झाली तरी!

तेव्हा शिलारस आणि भ्रंश दोघेही एकाच हिशेबाने चालतात. वजन असताना गप्प, वजन उतरताना जागे.

---

हिमप्रवासी

मैत्री तळावर हिवाळा काढलेला माणूस म्हणून थोडी भर. आपले दोन्ही चालू तळ, शिर्माखर ओअॅसिसवरचा मैत्री आणि लार्समन टेकड्यांवरचा भारती, पूर्व अंटार्क्टिकात आहेत. तिथे वरच्या चर्चेतले ज्वालामुखी नाहीत. खालचा खडक अतिप्राचीन, जाड आणि थंड आहे. भारतीच्या बाजूचे खडक आपल्या पूर्व घाटाशी जुळतात, कारण गोंडवनात ते एकमेकांना लागून होते. मैत्रीवर भूकंपमापक आहे. कडक थंडीच्या रात्री बर्फ तडकतो त्याचे बारीक हादरे त्यावर उमटत राहतात, दूरच्या मोठ्या भूकंपांपेक्षा त्यांचीच वर्दळ जास्त.

दुसरं, ज्वालामुखी नसला तरी बर्फाचा तळ ओला असू शकतो. व्होस्टोक सरोवर सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आहे, वर पावणेचार किलोमीटर बर्फ आणि पृष्ठभागावर जगातलं सर्वांत कमी तापमान, १९८३ साली उणे ८९.२ अंश. तरी खाली द्रव पाणी. बर्फच इतका जाड की जमिनीतली साधी उष्णता अडकून राहते, आणि दाबामुळे वितळणबिंदूही शून्याच्या खाली जातो.

आणि भूकंपाचं म्हणाल तर बर्फ स्वतःही भूकंप करतो. पश्चिम अंटार्क्टिकात व्हिलन्स नावाचा बर्फाचा प्रवाह आहे. तो बराच वेळ चिकटून थांबतो, मग अर्ध्या तासाच्या आत जवळजवळ अर्धा मीटर पुढे सरकतो. दिवसातून साधारण दोनदा. वेळ ठरवते रॉस समुद्राची भरती-ओहोटी! सरकण्याचं एकूण बळ मोजलं तर ते ७ तीव्रतेच्या भूकंपाइतकं भरतं, पण इतक्या सावकाश की वर उभ्या माणसाला कळतही नाही.

---

दादरकर_स्पष्ट

मूळ वाक्य माझंच होतं. हिशेब पटला. पण मग पुढचा प्रश्न. बर्फ वितळला की ज्वालामुखी वाढतात, ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने तापमान वाढतं आणि अजून बर्फ वितळतो. म्हणजे हे चक्र आपोआप चालणारं. माणूस त्यात कितीसा?

---

काळा_कातळ (अंधेरी)

प्रश्न रास्त आहे, आणि हिमयुगं कशी संपली याच्या अभ्यासात तो खरोखर विचारला जातो. हजारो वर्षांच्या मापावर ज्वालामुखींनी त्यात वाटा उचलला असावा. अंटार्क्टिकातला माउंट ताकाहे सुमारे १७,७०० वर्षांपूर्वी जवळजवळ दोनशे वर्षं वायू ओकत होता, त्याच्या खुणा खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्यांत आहेत, आणि दक्षिण गोलार्धातला बर्फ झपाट्याने मागे हटू लागला तो त्याच सुमाराला.

आजचे आकडे मात्र बघा. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक-दोन टक्क्यांहूनही कमीच. एप्रिल २०१० मधे आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुल फुटला आणि युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद झालं, सहारच्या विमानतळावरही लोक सामान घेऊन जमिनीवर बसले होते. त्या दिवसांत ज्वालामुखीने जेवढा वायू सोडला त्याहून जास्त वायू जमिनीवर राहिलेल्या विमानांमुळे वाचला, असा तेव्हाचा अंदाज होता. मोठा उद्रेक लगेच करतो ते उलटंच : गंधकाचे कण वर जाऊन वर्ष-दोन वर्षं थंडावा आणतात.

चक्र आहे, पण ते शतकं-सहस्रकं घेऊन फिरतं. आपण जे करतोय ते एका माणसाच्या आयुष्यात मावणारं आहे.

---

पार्लेकरीण

जमीन वर येते असं तुम्ही दोनतीनदा लिहिलंत. पश्चिम अंटार्क्टिकाची जमीनही वर येत असेल, तर बर्फ पुन्हा जमिनीला टेकेल आणि समुद्राचं गरम पाणी आत यायचं थांबेल, असं नाही का होणार?

---

काळा_कातळ (अंधेरी)

होतंय काही प्रमाणात! आमुंडसन समुद्राच्या किनाऱ्यावर उघड्या खडकांत रोवलेल्या जीपीएसने जमीन वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत वर येताना दाखवली, स्वीडनच्या चौपट. याचं कारण तीच खचदरी. खाली प्रावरण गरम आणि मऊ आहे, म्हणून ते हजारो नव्हे तर काही दशकांत प्रतिसाद देतं. ज्या उष्णतेला आपण बर्फाचा शत्रू समजत होतो तीच इथे जमीन वर उचलून बर्फाला टेकू देते. मला या सबंध विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

पण थ्वेट्सच्या तळाची जमीन समुद्रापासून आत जावं तशी आणखी खोल होत जाते. बर्फाची कड एकदा त्या उतारावरून मागे हटू लागली की आत अधिकच जाड बर्फ पाण्याला सामोरा येतो. वर्षाला चार सेंटीमीटरनी वर येणारी जमीन किलोमीटरच्या हिशेबाने मागे जाणाऱ्या कडेला किती गाठेल, त्यावर सगळं अवलंबून. पुढच्या काही शतकांत ती थोडी मदत करेल. बर्फ फारच वेगाने गेला तर वर येणारी जमीन आपल्यावरचं समुद्राचं पाणी बाहेर ढकलते आणि जगाची समुद्रपातळी आणखी वाढवते, हीही बाजू आहे.

---

दर्यावर्दी_५८

आणि मुंबईचं? अंटार्क्टिका इथून दहा-बारा हजार किलोमीटर. पाणी तिकडेच जास्त चढेल ना?

---

काळा_कातळ (अंधेरी)

नेमकं उलट, साहेब. एवढा मोठा बर्फाचा डोंगर स्वतःच्या गुरुत्वाने आसपासचं समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढून ठेवतो. तो वितळला की ओढ कमी होते, जवळचं पाणी उतरतं आणि ते दूरच्या समुद्रांकडे जातं. खाली जमीन वर येते तेही त्यात मिळवा. म्हणून पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फाचा फटका तिथल्या किनाऱ्याला बसत नाही, तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांना आणि हिंदी महासागराला सरासरीपेक्षा जास्त बसतो. ग्रीनलंडचा बर्फ गेला तर तेच, आपण त्याच्यापासूनही पुरेसे दूर आहोत. एकट्या थ्वेट्समधे जगाची पातळी ६० सेंटीमीटरहून जास्त वाढवण्याइतका बर्फ आहे, समुद्रपातळीच्या खाली टेकलेल्या सगळ्या पश्चिम अंटार्क्टिकात तीन मीटरहून जास्त.

अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जाते, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. समुद्रपातळीच्या धाग्यावर मी तिचा आलेख टाकतोय. पुढची चर्चा तिथे करू. हा धागा ज्वालामुखींच्या प्रश्नांसाठी उघडा आहेच.